पावसाळ्यात चार महिने बंद राहणारी बंदूक: नळी, ॲक्शन (नळीमागचा घोडा-चापाचा लोखंडी भाग) आणि दस्ता गंजापासून कसा वाचवायचा?

करवंद | २१ मे, रात्री ९:४०

घर वेंगुर्ल्याजवळ, खाडीपासून अर्ध्या किलोमीटरवर. शेतीसंरक्षण परवान्यावर दोन बंदुका आहेत. एक १२ बोअरची दुनळी, अक्रोडाचा दस्ता, नळ्यांना ब्लूइंग (गंज रोखणारा निळा-काळा थर). दुसरी ठासणीची (तोंडातून दारू भरायची), केपाची (ठिणगी देणाऱ्या टोपीची) एकनळी, दस्ता शिसवी. मिरग लागला की दोन्ही लोखंडी कपाटात जातात, त्या भात पोटरीला येऊन डुकरं उतरेपर्यंत. कपाटाला कुलूप आहे, पण दारातून वारा खेळतो. पावसात लाइटचा भरवसा नाही.

विचारायचं ते असं. तेल लावावं की ग्रीस? प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावी की उघडी ठेवावी? सिलिका जेल घ्यायचं तर किती? आणि ठासणीच्या बंदुकीला वेगळं काही करावं लागतं का?

---

लोहभाता | २१ मे, रात्री ११:०५

तेलाकडे नंतर येऊ. आधी धातूवर काय बसलंय ते काढायचं. गंजलेल्या बहुतेक बंदुकांना तेल लावलेलंच असतं, पण ते मिठावर लावलेलं असतं. मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं आणि तेलाच्या थराखाली गंज सुरू होतो. हे मीठ तीन वाटांनी येतं: हाताचा घाम, खाडीवरची हवा आणि दारूची राख.

ठासणीच्या बंदुकीचा खरा धोका तिसऱ्या वाटेने येतो. काळी दारू जळाल्यावर तिचं निम्म्याहून जास्त वजन घन रूपात मागे उरतं. त्यात पोटॅशियमचे कार्बोनेट, सल्फेट आणि सल्फाइड असतात. हे क्षार तेलात किंवा रॉकेलमध्ये विरघळत नाहीत, पाण्यात विरघळतात. म्हणून नळी पाण्यानेच धुवायची. लोक पाण्याला घाबरतात आणि नेमके तिथेच फसतात.

सगळ्यात आधी बंदूक भरलेली नाही याची खात्री करा. ठासणीच्या बंदुकीत हे डोळ्यांना दिसत नाही. केप काढा, गज नळीत तळापर्यंत सोडा, तोंडाशी बोटाने धरा आणि तोच गज नळीच्या बाहेरून लावून पाहा. टोक निपलच्या, म्हणजे केप बसते त्या खुंटीच्या, जागेपर्यंत पोचलं पाहिजे. तीन-चार बोटं अलीकडे थांबत असेल तर आत काहीतरी आहे. मग पुढचं काम थांबवा आणि परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडे न्या.

रिकामी असेल तर निपल पान्याने काढा. नळी दस्त्यापासून वेगळी होत असेल तर वेगळी करा. बादलीत दोन लिटर गरम पाणी आणि भांड्याच्या साबणाचे चार-पाच थेंब घ्या. नळीचं बूड त्यात बुडवून गजाला गुंडाळलेली चिंधी वरखाली ओढा, पंपासारखं पाणी आत-बाहेर होईल. काळं पाणी फेकून नवीन घ्या. तिसऱ्या बादलीला पाणी साधारण स्वच्छ येतं.

शेवटी तोंडातून एक लिटर उकळतं पाणी ओता. ओतताना नळी जाड फडक्याने धरा. लोखंड इतकं तापतं की आतलं पाणी आपोआप उडून जातं. लगेच कोरडी चिंधी फिरवा. तिच्यावर फिकट तपकिरी रंग येईल, घाबरू नका, तो त्या क्षणाचा वरवरचा गंज. चिंधी पांढरी येईपर्यंत फिरवा आणि नळी हाताला कोमट असतानाच तेल द्या. नळी गार व्हायची वाट पाहिली तर सगळं पुन्हा करावं लागतं.

---

पागोळी | २२ मे, सकाळी ७:५०

लोहभाता यांनी ठासणीचं नीट सांगितलंय. बारा बोअरला आजच्या काडतुसांमुळे एवढं धुवावं लागत नाही, मात्र जुना साठा असेल तर सावध राहा. जुन्या काडतुसांच्या, बार पेटवणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळून पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे मिठाचाच भाऊ. अशी काडतुसं वापरली असतील तर याही नळ्यांना गरम पाणी लागतं.

आता तेल. घरात जे असतं त्यातलं बरंचसं चालत नाही.

खोबरेल आणि गोडेतेल अजिबात नको. बरीचशी वनस्पती तेलं हवेत चिकट होतात, काही तर पुढे वार्निशसारखी वाळतात आणि चापाच्या आतले बारीक भाग जखडतात. त्यातली आम्लं पितळावर हिरवा थर आणतात.

जळकं इंजिन ऑइल त्याहून वाईट, त्यात इंधनाची आम्लं आणि पाणी असतं. शिवणयंत्राचं तेल स्वच्छ, पण फार पातळ. महिन्याभरात खाली ओघळून जातं. डब्ल्यूडी-४० चं मूळ कामच ओल हटवणं, नावातले ‘डब्ल्यूडी’ त्याचेच. धुतल्यावर कोपऱ्यातलं पाणी बाहेर काढायला उत्तम. पण साध्या निळ्या डब्यातल्या फवाऱ्याचा मागे उरणारा थर इतका पातळ असतो की कोकणातल्या चार महिन्यांना तो पुरणार नाही.

चार महिन्यांसाठी कारखान्यात सुटे भाग साठवायला वापरतात ते रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल घ्या. इंडियन ऑइलची सर्वो आरपी मालिका किंवा एचपीची रस्टॉप मालिका ल्युब्रिकंटच्या ठोक दुकानात विचारा. ‘घरात साठवणुकीसाठी, तेलकट थर’ असा प्रकार मागा. यातल्या काही तेलांत सॉल्व्हंट असतं. ते लावल्यावर तासभर उघड्यावर राहू द्यायचं, नाहीतर ते पिशवीत कोंडतं आणि दस्त्याचं पॉलिश मऊ पडतं.

ते मिळालं नाही तर घरी करता येईल असं एक आहे: केमिस्टकडचं निर्जल लॅनोलिन (मेंढीच्या लोकरीचं मेण) १ भाग आणि मिनरल टर्पेंटाइन ४ भाग. बरणी गरम पाण्यात ठेवून विरघळवा, विस्तवावर कधीही नाही. फडक्याने लावलं की टर्पेंटाइन उडतं आणि मेणचट थर राहतो. खाऱ्या हवेला हा थर चांगला टिकतो.

प्रमाण पाहा: दुनळीच्या दोन्ही नळ्यांना आतून-बाहेरून मिळून ५ मिलिलिटर तेल खूप झालं. तीन इंची चौकोनी फलालीनवर आठ-दहा थेंब, एका नळीतून दोनदा. बाहेरून हात मारताना सुती हातमोजे घाला. पुसून झाल्यावर बोट लागलं तर ती जागा परत पुसा. ऑगस्टमध्ये नळीवर बोटाच्या रेषांसकट गंज दिसतो तो याच एका स्पर्शाचा.

---

करवंद | २२ मे, दुपारी १:१५

खूप उपयोगी. मग ग्रीस का नको? बेअरिंगच्या एपी ३ ग्रीसचा डबा घरात आहे. फौजी रायफली ग्रीसमध्ये बुडवून वर्षानुवर्षं ठेवायचे असं वाचलंय.

---

लोहभाता | २२ मे, दुपारी ३:३०

ते कॉस्मोलिन. पेट्रोलियमचं मेणासारखं तपकिरी मिश्रण, वितळवून भाग त्यात बुडवायचे. ते सगळ्या फटींत शिरून गोठतं, म्हणून टिकतं. बोटाने चोपडलेलं बेअरिंगचं ग्रीस फटीत शिरत नाही, वर राहतं आणि खाली हवेचे कप्पे सोडतं. त्या कप्प्यांत ओल अडकते आणि वरून काही कळत नाही.

बाहेरच्या सपाट भागावर वापरायचंच असेल तर आधी पातळ तेलाचा हात, त्यावर ग्रीसचा अगदी झिरझिरीत थर. नळीच्या आत आणि ॲक्शनमध्ये नको. ज्या बंदुकीची चार महिन्यांनी घाईने गरज पडते तिच्या नळीत ग्रीस राहणं धोक्याचं आहे, त्याबद्दल शेवटी लिहितो.

---

हवामापी | २२ मे, रात्री १०:२०

तेलाची चर्चा झाली, आता हवेची. लोखंडाचा गंज साधारण ६० टक्के सापेक्ष आर्द्रतेनंतर झपाट्याने वाढतो. किनाऱ्यावर जुलैत ८५ ते ९५ चालू असते. कपाटात ४५ ते ५५ टिकली तर उत्तम. ३५च्या खाली नेऊ नका, दस्ता आक्रसून ॲक्शनपाशी तडकतो.

सिलिका जेल किती, याचं उत्तर बहुतेक लोक पेटीच्या आकारावरून काढतात आणि तिथेच चुकतात. ३० अंशांना, ९० टक्के आर्द्रतेत, १०० लिटरच्या पेटीतल्या हवेत जेमतेम पावणेतीन ग्रॅम पाणी असतं. १५ ग्रॅम जेल ते सहज पितं. पण खरं पाणी लाकडात आहे. पावसाळी हवेत मुरलेल्या लाकडात वजनाच्या १८ टक्क्यांच्या आसपास ओल असते, ५० टक्के आर्द्रतेला ती ९च्या आसपास येते. दस्ता आणि पुढचा लाकडी भाग मिळून एक किलो धरला तर ९० ग्रॅम पाणी सुटणार. जेल त्या आर्द्रतेला आपल्या वजनाच्या पावपट पाणी धरतं. म्हणजे एका बंदुकीला किमान ४०० ग्रॅम, आणि झाकणाची गळती धरून अर्धा किलो. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या इथे काही कामाच्या नाहीत.

म्हणूनच आत्ता, मे महिन्यात, दस्ता कोरडा असतानाच बंद करा. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात बंद केली तर तुम्ही पाणी आत घेऊनच झाकण लावलं.

आणखी काही गोष्टी. खेळत्या हवेच्या कपाटात जेल ठेवणं म्हणजे अख्ख्या गावाची हवा कोरडी करायला निघणं. दाराला रबरी पट्टी लावा, नाहीतर बंदूक रबरी कडेच्या घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवून ती पेटी कपाटात ठेवा. रंग बदलणारं जेल नारिंगी घ्या. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते आरोग्याला चांगलं नाही. भिजलेलं जेल १२० अंशांना दोन-तीन तास तापवलं की पुन्हा कामाला येतं. त्यासाठी वेगळं भांडं ठेवा, स्वयंपाकाचं नको.

बाजारात कपड्यांच्या कपाटाला लटकवायच्या पिशव्या मिळतात, त्यांत कॅल्शियम क्लोराइड असतं. ते पाणी पिऊन खारट द्रव होतं आणि पिशवी फुटली की तो थेट बंदुकीवर. त्या बंदुकीच्या कपाटात कधीही नकोत.

हायग्रोमीटरशिवाय (आर्द्रता मोजायच्या यंत्राशिवाय) हे सगळं अंदाजपंचे आहे. साधा डिजिटल चालतो, पण तपासून घ्या. बाटलीच्या झाकणात मीठ, ओल्या वाळूइतकं भिजवलेलं, हायग्रोमीटरबरोबर झिपच्या पिशवीत आठ तास. आत ७५ टक्के असायला हवेत. ७० दाखवला तर पुढे दर वेळी ५ मिळवायचे.

---

बांधावरून | २३ मे, सकाळी ८:१०

कपाटात १५-२५ वॅटचा बल्ब लावायची जुनी पद्धत आहे. तिच्याबद्दल काय मत?

---

हवामापी | २३ मे, सकाळी ९:००

पद्धत बरोबर आहे. २७ अंश, ९० टक्क्यांची हवा ३२ अंशांवर नेली की ती साधारण ६८ टक्के होते, ३५ वर नेली की ५७. म्हणजे बाहेरच्यापेक्षा आठ अंश वर ठेवावं लागतं, तेही सतत. लाइट गेली की उलटं होतं: कपाट गार होतं, ओली हवा फटीतून आत येते. रात्रभर लाइट जाणाऱ्या गावात बल्बच्या जिवावर राहू नये. शिवाय बल्ब तेलकट चिंध्यांपासून आणि दस्त्यापासून लांब हवा.

---

पागोळी | २३ मे, सकाळी ११:२५

व्हीसीआय (व्हेपर करोजन इनहिबिटर) कागदाचा विषय कोणी काढला नाही. पुण्याकडे भोसरी-चाकणच्या पॅकिंग साहित्यवाल्यांकडे तो किलोने मिळतो. कागदातून निघणारी वाफ लोखंडावर रेणूंचा संरक्षक थर बसवते. नळीच्या आतही पोचते, जिथे हात पोचत नाही. मला तरी किनाऱ्यावर जेलपेक्षा हा भरवशाचा वाटतो.

अट एवढीच की जागा बंद हवी आणि कागद धातूपासून ३० सेंटिमीटरच्या आत हवा. नळीभोवती गुंडाळा, एक सुरळी नळीपाशी ठेवा, मग व्हीसीआयचीच जाड पिशवी आणि तोंड टेपने बंद. पितळी निपल-गार्ड किंवा पितळी माशी (नेम धरायचा मणी) असेल तर ‘मल्टिमेटल’ प्रकार मागा, फक्त लोखंडासाठीचा कागद पितळ काळवंडवू शकतो. उघडलेला कागद वर्षभराने बदला.

---

हवामापी | २३ मे, दुपारी १२:४०

पागोळी, दोन्ही एकत्र नको एवढं जोडतो. जेल ती वाफही शोषून घेतं. एक तर कागद, एक तर जेल. दुनळी सुटी करून ठेवणार असाल तर माझी वाटणी अशी: नळ्या कागदात, लाकडी भाग जेलच्या पेटीत. दस्ता ॲक्शनपासून घरी सोडवू नका, त्या स्क्रूच्या खाचा एकदा बिघडल्या की बिघडल्याच. तेव्हा दस्त्यासकट ॲक्शन जेलकडे, नळ्या कागदाकडे.

---

लोहभाता | २३ मे, दुपारी ४:१५

ही वाटणी मला पटते. ठेवण्याच्या पद्धतीतल्या काही चुका मात्र राहून जातात, त्या सांगतो.

चामड्याच्या किंवा कॅनव्हासच्या खोळीत बंदूक ठेवू नये. चामडं कमावताना वापरलेले क्षार आणि आम्लं त्यात असतात, वर ते ओल धरतं. खोळ प्रवासापुरती. स्पंजचं अस्तर असलेली पेटीही तशीच. प्लायवूडची किंवा एमडीएफची नवी पेटी आम्लाची वाफ सोडते, तीही टाळा.

उभी ठेवायची तर तोंड खाली. तेल ओघळून दस्त्याच्या डोक्यात उतरलं की लाकूड काळं आणि भुसभुशीत होतं, मग धक्क्याला फुटतं.

नळीच्या तोंडात बोळा घालू नका. आतली ओल कोंडते, आणि बोळा विसरून बार काढला तर नळी फुटते.

स्प्रिंगांवर ताण नको. घोडे उतरवून ठेवा, बारा बोअरमध्ये त्यासाठी बनावट (दारू नसलेलं) काडतूस वापरा. काडतुसं वेगळ्या कुलपात.

---

निशाण | २३ मे, रात्री ८:३०

धागा बंदुकीचा आहे, पण बालेवाडीला नेमबाजीचा सराव करणारी मुलं इथे वाचत असतील म्हणून लिहिते. एअर रायफलला वरचं काहीही जसंच्या तसं लावू नका. हवेच्या सिलिंडरजवळ किंवा पिस्टनच्या नळीत खनिज तेल गेलं तर दाबाखाली पेट घेऊ शकतं. तिथे उत्पादकाने सांगितलेलं सिलिकॉन ग्रीसच. बाहेरच्या लोखंडावर मेणाचा हात पुरे.

एसीच्या रेंजमधून रायफल बाहेर आणल्यावर केस लगेच उघडू नका. बाहेर ३० अंश, ८५ टक्के असेल तर दवबिंदू २७ अंश असतो, २४ अंशांच्या लोखंडावर पाणी सुटणारच. तासभर बंद केसमध्ये राहू द्या.

---

बांधावरून | २४ मे, सकाळी ७:२०

निवडणुकीच्या काळात छाननीत नाव आलं की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. २०२४ मध्ये महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा एकाच वर्षी आल्या. तिथे आपलं कपाट नसतं, म्हणून न्यायच्या आदल्या दिवशीच वर सांगितलेला पूर्ण थर द्या. पिशवी पारदर्शक हवी, म्हणजे नंबर ताडून पाहायला उघडावी लागत नाही. ओळखीची चिठ्ठी सुती दोऱ्याने नळीला बांधली जाते, तो दोरा ओल धरून बरोबर आपल्या जाडीचं गंजाचं कडं पाडतो. प्लॅस्टिकची पट्टी सोबत न्या आणि चाप-गार्डला बांधायची विनंती करा. पावतीवर बंदुकीची अवस्था लिहून घ्या. परत मिळाली की त्याच दिवशी पुसा.

दसऱ्याचंही तसंच. ओलं गंध आणि कुंकू नळीवर लावू नका, दस्त्याखाली पाट ठेवून त्यावर लावा. नळीवर लागलंच तर संध्याकाळपर्यंत पुसून तेल द्या.

---

करवंद | २४ मे, दुपारी २:००

दुनळीवर माशीच्या मागे नखाएवढे दोन लालसर डाग आधीपासून आहेत. ते तसेच ठेवून वरून तेल लावलं तर?

---

लोहभाता | २४ मे, संध्याकाळी ६:४५

आधी काढा. लाल गंज स्वतः ओल धरतो, खाली खड्डा पडत राहतो. व्हिनेगर, कोकम, चिंच, बाजारातलं गंज काढायचं द्रावण, यातलं काही नको. आम्ल गंजाबरोबर ब्लूइंगही नेतं, कारण ब्लूइंग हाही लोखंडाचा ऑक्साइडच.

डागावर तेलाचे दोन थेंब टाकून रात्रभर ठेवा. सकाळी तांब्याच्या तारेचं टोक हातोडीने चपटं करून हलक्या हाताने खरवडा. तांबं पोलादापेक्षा मऊ, ब्लूइंगला सहसा ओरखडा येत नाही. जुन्या सल्ल्यांत नाणं वापरा असं असतं, पण आजची एक-दोनाची नाणी पोलादी आहेत, ती चालणार नाहीत. उरलेलं चार शून्यांच्या (०००० नंबरच्या, अगदी बारीक) स्टील वूलने, तेलात भिजवून. भांडी घासायची तारेची घासणी नको.

डाग मोठे असते तर नळ्या १५-२० मिनिटं आरओच्या पाण्यात उकळून लाल गंजाचं काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर करता येतं. पण दुनळीत दोन नळ्यांमधली पट्टी कथलाच्या डाखाने जोडलेली असते. नळ्या टांगून बोटाच्या पेराने टिचकी मारा. घंटेसारखा लांब नाद आला तर जोड शाबूत. फटका किंवा खडखड आली तर पट्टी सुटलीय, पाणी आत जाऊन राहील. अशा नळ्या उकळू नका, परवानाधारक कारागिराकडे द्या. कोणी कॉस्टिकचं गरम ब्लूइंग करून देतो म्हणाला तर दुनळीला नाही म्हणा, तो क्षार डाखच खातो.

---

करवंद | २४ मे, रात्री ९:१०

या आठवड्यात ऊन आहे तोवर करून घेते. पावसात मधे उघडून बघायचं का?

---

पागोळी | २४ मे, रात्री ९:५५

पहिली तपासणी चोवीस तासांनी, राहिलेला बोटाचा ठसा तेव्हाच दिसतो. नंतर महिन्यातून एकदा, उघडीप असलेल्या दुपारी. पांढरी चिंधी नळीतून एकदाच ओढा. पिवळसर तेल आलं तर ठीक, तपकिरी रेघ आली तर सगळं पुसून नवा थर. रोज उघडून बघण्याने नुकसानच होतं, दर वेळी ओली हवा आत जाते.

---

लोहभाता | २४ मे, रात्री १०:३०

बाहेर काढतानाचं राहिलं होतं. नळीत तेलाचा जाड थर, ग्रीस किंवा लॅनोलिन असताना बार काढू नये. वाट अडलेल्या नळीत दाब वाढतो आणि नळी फुगते किंवा फुटते. मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेली चिंधी दोनदा, मग कोरडी चिंधी ती कोरडीच बाहेर येईपर्यंत. पेट्रोल वापरू नका. आगीचा धोका तर आहेच, शिवाय ते उडताना लोखंड गार करतं आणि ओल्या हवेत त्यावर दव धरतं. नळी उजेडाकडे धरून दोन्ही टोकांनी पाहा, व्हीसीआयची सुरळी किंवा चिंधीचा तुकडा आत राहिलेला नाही याची खात्री करा. ठासणीच्या बंदुकीत निपलचं भोक बारीक तारेने मोकळं करा, तिथे साचलेलं तेल पहिल्या केपला दगा देतं.